आधी इको, मग आवाज

आमच्या टीमनं एका दसऱ्याच्या आगेमागे गेममध्ये बोलायचं सॉफ्टवेअर दोनदा बदललं आणि तिसऱ्यांदा बदलायची तयारी केली. तक्रार दर वेळी एकच होती आणि सॉफ्टवेअर दर वेळी निर्दोष होतं. खरे दोषी माझ्या मागे लाकडी खुर्चीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत असत, आणि ही गोष्ट या पृथ्वीवर मला एकट्यालाच ठाऊक होती. निदान मला तसं वाटत होतं.

भाऊ माझे घरमालक. मी तेव्हा वडश्याला एका राइस मिलच्या धरमकाट्यावर कॉम्प्युटरसमोर बसायचो. धानाचा ट्रक काट्यावर चढला की वजन टिपायचं, रिकामा होऊन आला की पुन्हा टिपायचं. ट्रकला काही बोलावं लागत नाही, म्हणून नोकरी मला मानवली होती. राहायला भाऊंच्या घराची पुढची खोली.

भाऊंनी सारी उमर झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून काढली होती. आमच्याकडची नाटकं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली, धान घरात आलं, की गावोगाव मंडप पडतात आणि वडश्याच्या कंपन्या रोज नवं गाव, रोज वेगळं नाटक अशा फिरतात. नटाला पाठांतर करायला वेळ कुठला? रंगमंचाच्या पुढ्यात कंबरभर खड्डा खणलेला असतो. त्यात वाजवणारे बसतात आणि त्यांच्या कडेला पुस्तक घेऊन भाऊ. वर राजा गर्जायचा, पण गर्जना अर्धा श्वास आधी खड्ड्यातून निघालेली असायची. राजाचं काम फक्त मिशी सांभाळायचं.

सवय अशी की खड्ड्यातून वर आले तरी सुटत नव्हती. मी खोली बघायला गेलो तेव्हाची गोष्ट. दारात उभा राहून काय विचारावं याची जुळवाजुळव करत होतो, तर भाऊ माझ्याकडे न बघता, ओठ जेमतेम हलवत म्हणाले, "पाण्याचं कसं हाये?"

मी म्हणालो, "पाण्याचं कसं आहे?"

"नळ हाये, एक दिवसाआड," भाऊ मोकळ्या आवाजात म्हणाले. मग पुन्हा ओठ मिटत आले. "लाइट जाते का?"

"लाइट जाते का?"

"जाते. येते बी."

असे पाच-सहा प्रश्न मी विचारले. सगळे त्यांचेच होते, पण काय मुद्देसूद! घरमालकासमोर इतका हुशार मी आयुष्यात दुसऱ्यांदा दिसलो नाही. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की ज्यासाठी आलो होतो तेच राहिलं. खोलीत इंटरनेटची वायर ओढू द्याल का, हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं.

सलूनमध्ये गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की भाऊ बाकावरून सांगत, "बाजूनं बारीक, वरून राहू दे," आणि गिऱ्हाईक तेच म्हणे. वडश्यात एका विशिष्ट ठेवणीची डोकी का दिसतात, ते मला त्या बाकावर कळलं. लग्नात नवरीचा उखाणा अडला की तो मांडवाच्या खांबामागून पूर्ण होई. एकदा गल्लीतला एक म्हातारा गेला. त्याला पोचवून माणसं ओट्यावर बसली, आणि कोणाला काही सुचेना, कारण गेलेला माणूस फार तुसडा होता. भाऊ एकेकाच्या मागे गेले आणि एकेकाला एकेक वाक्य देऊन आले. "शेवटपर्यंत कोणाले तरास देल्ला नाई." "मोठ्या मनाचे होते." यातलं काहीच खरं नव्हतं, पण त्याच्या मुलाचा चेहरा निवला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वाक्य पडलं तं उचलता येते, बाबू. चुप्पी पडली तं कोणी उचलत नाई."

ही त्यांची सारी विद्या. नट चुकीचं बोलला तर दुसरा नट सांभाळून घेतो. नट गप्प झाला की सारा मंडप गप्प होतो, आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी वाजवतो. ती शिट्टी यायच्या आत वाक्य पोचलं पाहिजे.

पण मी राहायला गेलो तेव्हा भाऊंना नाटक सुटून दोन हंगाम झाले होते. कंपनीच्या मालकानं एके दिवशी "भाऊ, आता आराम करा" एवढंच सांगितलं होतं. कारण दिलं नाही, म्हणून ते भाऊंनीच काढलं. नव्या पोरांना जुना माणूस नको झाला. मालकाचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, भाऊंनी त्या गल्लीनं जाणंच टाकलं. समोरून आला तर रस्त्याच्या कडेचं गवत बघत उभे राहायचे. तरी पाऊस सरला की फोन हाताशी ठेवायचे. अंघोळीला जाताना बाईंजवळ देऊन जायचे. बाई म्हणजे त्यांची बायको. त्या मला म्हणाल्या होत्या, "यायले फोन आला नाई तं यंदा काई खरं नाई. घरात बसून मलेच सांगून राह्यले, भाजीत मीठ टाक म्हणून. तीस वर्सं मीच टाकून राह्यली ना."

सकाळी ओट्यावर जुनं पुस्तक उघडून भाऊ रियाज करायचे. कुजबुजीचा रियाज. मी आत, दार लावलेलं, पंखा चालू, तरी मला त्यातला शब्द न् शब्द ऐकू यायचा. काय तयार गळा आहे, असं मनात म्हणून मी कुशीवर वळायचो. यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. धरमकाट्यावरच्या माणसाला वजन तेवढं कळतं.

आता टीमचं. मी, पंक्या आणि मुन्ना चंद्रपूरला पॉलिटेक्निकमध्ये एका खोलीत होतो. मग पंक्या कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागला, मुन्ना भद्रावतीला वडलांच्या क्वार्टरमध्ये बसून परीक्षा देऊ लागला आणि मी धानात पडलो. भेटायचं म्हटलं तर तीन तालुके आणि सहा बसगाड्या. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता तिघं कॉम्प्युटरवर बसायचो. चौघांची टोळी करून मैदानात उतरायचं आणि दुसऱ्या टोळ्यांनी आपल्याला मारायच्या आत त्यांना मारायचं, असा तो गेम. चौथी जागा रिकामी. तिच्यात गेम कोणालाही आणून बसवायचा. कधी नुसतं तेलुगू बोलणारा, कधी काहीच न बोलता कानात काकडी खाणारा.

मी ट्रकपुढं जसा गप्प तसाच गेममध्ये. बंदूकवाला समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. सांगायचं असायचं की बाबांनो, घरामागे माणूस आहे. तोंडातून निघायचं "अरे अरे अरे", आणि मग मी मेलेला असायचो. पंक्या मला हाकच मारायचा "अरे-अरे" अशी.

एका संध्याकाळी बाईंनी शेंगा पाठवल्या, त्या घेऊन भाऊ खोलीत आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "हे कोणतं नाटक हाये?" मी हातानंच थांबा म्हणालो, कारण तेवढ्यात डावीकडून एकजण धावत येत होता. मी "अरे अरे" म्हणालो आणि पुढचं काही येईना. भाऊंच्या देखत चुप्पी पडली. ते त्यांना सोसणार कसं? माझ्या मानेमागून आलं, "डाव्या विंगेतून माणूस येऊन राह्यला."

मी म्हणालो, "डाव्या विंगेतून माणूस येऊन राह्यला."

मुन्ना वळला, त्यानं त्याला टिपलं.  पंक्या म्हणाला, "अबे, हा बोलला."

त्या दिवसापासून भाऊंची खुर्ची माझ्या मागे आली. बंदुकांची नावं त्यांना शेवटपर्यंत आली नाहीत, पण कोण कुठून आत आला आणि कोण अजून बाहेर पडलेला नाही, याचा हिशेब त्यांच्याइतका पक्का कोणाचाच नव्हता. "याच्यात काय हाये बाबू, एन्ट्री आन् एक्झिट. बाकी सारा धूर." आठवड्याभरात आमची टोळी जिंकायला लागली. पंधरा दिवसांत पंक्या-मुन्नानं मला कप्तान केलं. पंक्यासुद्धा "उजव्या विंगेत बघ" असं बोलू लागला. विंग म्हणजे काय हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आणि भाऊ? भाऊ शेंगा सोलायचे विसरून खुर्चीच्या टोकावर बसायचे. दोन हंगामांनंतर त्यांना नट मिळाला होता. मठ्ठ होता, पण दिलेलं वाक्य खाली पडू देत नव्हता.

मग पंक्यानं तक्रार काढली.

"कप्तान, तुह्या आवाजात इको हाये बे."

"असंल. खोली रिकामी आहे."

"तसा नाई. इको आधी येते, आवाज मंग येते."

 खरं सांगायचं, तर माझ्या मागे एक म्हातारे भाऊ बसतात आणि मी त्यांचा पोपट आहे, हे त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण कप्तानकी नवी होती. एकदा मिशी लावली की राजाला काढवत नाही.

मला वाचवलं ते मुन्नानं. मुन्नाला तांत्रिक गोष्टींतलं कळतं, म्हणजे तो कळल्यासारखं बोलतो. त्याचं म्हणणं असं की वडश्याहून भद्रावतीला आवाज दोन वाटांनी येतो. एक जंगलातून शॉर्टकटनं, एक रोडनं. जंगलातला आधी पोचतो. मी म्हणालो, "असंच असंल," आणि घाम पुसला. तेव्हा आम्ही गेमचीच बोलायची सोय वापरत होतो. भाऊंनी ती एकदा हेडफोन लावून ऐकली आणि तिचं नाव ठेवलं विहीर, कारण माणसं तळाशी पडून बोलल्यासारखी वाटत. विहीर बदलायचं ठरलं.

दुसरं सॉफ्टवेअर जुनं, मजबूत. मुन्नानं त्याचा सर्व्हर आपल्याच कॉम्प्युटरवर बसवला, म्हणजे त्याच्या क्वार्टरची लाइट गेली की आम्ही तिघंही मुके. आत जायला आधी आकड्यांचा पत्ता टाका, मग पासवर्ड, मग मुन्ना परवानगी देणार, आणि बोलायचं असेल तेव्हा एक बटण दाबून धरायचं. भाऊ म्हणाले, "हे तं ठाणा हाये. पंचनामा झाल्याबिगर बोलू देत नाई." त्याचं नाव ठाणा पडलं.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, यात तर तुझं भलंच झालं. भाऊ बोलताना बटण सोडायचं, आपण बोलताना दाबायचं, इको बंद. मलाही हे सुचलं, पण दोन महिन्यांनी. त्या वेळी मला फक्त एवढं दिसत होतं की पळायला एक हात, नेम धरायला एक हात आणि तिसरा हात देवानं दिला नाही. म्हणून मी बटणाच्या फटीत माचिसची काडी खोचली. बटण दाबलेलं ते कायमचं दाबलेलं. भाऊ अर्धा श्वास आधी, मी अर्धा श्वास नंतर, आणि ठाणा दोघांचेही जबाब इमानेइतबारे लिहून घेत होता.

"अजून इको हाये," पंक्या म्हणाला.

"ठाण्यातही जंगलाची वाट असंल," मी म्हणालो. मुन्ना काहीच बोलला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिसरं सॉफ्टवेअर आजकाल सारेच वापरतात त्या तऱ्हेचं. डाव्या हाताला खोल्यांची रांग, उजव्या हाताला माणसांची, मध्ये चित्रं, घंट्या, कोण आला, कोण गेला. भाऊंनी नाव ठेवलं बाजार. त्यात आवाज साफ करायची चाळणी होती. पंखा, कुकरची शिट्टी, बाहेरचा ट्रॅक्टर, सारं गाळून फक्त माणसाचा बोल पुढे पाठवायचा, अशी तिची ख्याती. मला वाटलं, सुटलो. भाऊंची कुजबुज गाळली जाणार आणि कप्तानाचा आवाज जाणार.

चाळणी मुन्नानं पहिल्याच संध्याकाळी साऱ्यांसाठी लावली. तिनं दोन्ही आवाज तोलले. एक माझा, तोंडातल्या तोंडात, अर्धा "अरे अरे"चा. दुसरा भाऊंचा, एकेक अक्षर वेगळं, रियाज केलेलं. आणि तिनं मला गाळलं.

मी दोन तास आदेश देत होतो. पंक्या-मुन्ना ते पाळत होते. शेवटी मुन्ना अगदी मायेनं म्हणाला, "कप्तान, आज आवाज बसला का तुमचा? वय झाल्यासारखा येऊन राह्यला."

मी माइक ओठांना लावून म्हणालो, "सर्दी झाली."

ती सर्दी महिनाभर टिकली. पंक्या रोज विचारायचा, ओव्याची धुरी घेतली का? मुन्नाची आई, म्हणे, हळदीचं दूध प्यायला सांगत होती. मी खरंखुरं वाटावं म्हणून मधूनमधून खोकायचो, आणि खोकलाही चाळणी गाळत होती हे मला नंतर कळलं.

एका रविवारी सकाळी ओट्यावर चहा घेत होतो. भाऊ शेजारी, त्यांच्या मांडीवर फोन. नवरात्र संपलं होतं, कंपन्यांची जुळवाजुळव सुरू झाली होती आणि फोन काही वाजत नव्हता. तेवढ्यात माझ्या फोनवर मुन्नाचा निरोप आला. आदल्या दिवशीच्या खेळाचं रेकॉर्डिंग, सोबत लिहिलेलं, "यावेळी चाळणी बंद करून घेतलं. सर्दीवाल्यानं ऐकावं." मी विचार न करता बोट लावलं. हेडफोन आत होता. आवाज ओट्यावर, साऱ्या गल्लीत.

गोळ्यांचा आवाज, आणि त्यावरून खणखणीत, "मागच्या पडद्याआड दोघं हायेत, कोणी जागा सोडाची नाई." त्यामागून कुठंतरी पातेल्यात बोलल्यासारखं माझं, "मागच्या पडद्याआड..."

भाऊंनी बशी खाली ठेवली. "हे कोण बोलून राह्यलं?"

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"आवाज ओळखीचा हाये."

"तुमचाच आहे, भाऊ."

"मी तं कुजबुजतो."

 त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी हाताचा तळवा कानामागे धरला होता. तो हात मी रोज बघत होतो आणि मला वाटायचं, नाटकातली सवय असेल.

बाई दारात आल्या होत्या. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "साऱ्या मोहल्ल्याले ऐकू येते. मले वाटलं, तुमाले माहीत हाये."

मग भाऊ सांगू लागले. शेवटच्या हंगामात एका गावाला नायिका मरत होती. सारा मंडप रडत होता, आणि पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, हळू." लोक हसले. "मले वाटलं, तबल्यावाल्याले म्हणून राह्यले. मी त्याच्याकडं डोळे वटारून पाह्यलं, बाबू. त्याची काईच चूक नव्हती."

त्या संध्याकाळी भाऊ दोन गल्ल्या ओलांडून मालकाकडे गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "चहा चांगला करते तो." फोन त्यांनी आतल्या कोनाड्यात ठेवला आणि माझ्या खोलीतली खुर्ची स्वतः उचलून ओट्यावर नेली.

मग भाऊ गप्प झाले, म्हणजे अगदी साऱ्या गावापुरते. सलूनच्या बाकावर बसत, पण गिऱ्हाइकानं काय बोलावं ते गिऱ्हाइकावर सोडून देत. लोक वेगवेगळे केस कापून बाहेर पडू लागले. बाईंनी एके दिवशी मुद्दाम अळणी भाजी वाढली. भाऊंनी मुकाट्यानं खाल्ली. बाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत होत्या, तेव्हा मी पाणी मागायला गेलो होतो. तसाच परत आलो.

हे सारं माझ्या एका बोटानं केलं होतं. गेममध्येही माझं बरं चाललं नव्हतं. पहिल्याच डावात बंदूकवाला आला, मी "अरे अरे अरे" म्हणालो आणि मेलो.

"सर्दी बरी झाली वाटते," पंक्या म्हणाला.

"झाली."

"मंग ते म्हातारे कुठी गेले बे?"

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, मग पुन्हा घातला. दोघं हसत होते. त्यांना चाळणीच्या पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं, आणि संशय त्याच्याही आधीचा होता. पंक्या म्हणाला, "तू वायव्हाले सोताचं नाव सांगाले अडत होता, आन् इथी तू आम्हाले मोर्चे लावून देशीन? आम्ही पाहून राह्यलो होतो, हा किती दिवस ओव्याची धुरी घेते ते." तिसरं सॉफ्टवेअर बदलायचा विषय त्यांनी माझ्या सर्दीच्या थापा ऐकायला मिळाव्यात म्हणून लांबवला होता.

मी रुसायला हवं होतं, पण जागा नव्हती. मी त्यांना ओट्यावरचं सगळं सांगितलं. रेकॉर्डिंग, तळहात, तबलेवाला. हसणं थांबलं. मुन्ना म्हणाला, "मी तुह्यासाठी पाठवलं होतं बे." मी म्हणालो, माहीत आहे.

मग त्या रात्रीच्या जेवणाला तिघांनाही उशीर झाला, कारण आम्ही पहिल्यांदाच सॉफ्टवेअर मनापासून निवडत होतो. विहिरीत चौथा माणूस खेळल्याशिवाय बसू शकत नव्हता. ठाण्यात भाऊंना पडदा दिसला नसता. बाजारात माझा पडदा भाऊंच्या फोनवर दाखवता येत होता, चाळणी बंद करता येत होती, आणि मुन्नानं शोधून काढलं की तिथं प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक पट्टी असते. ऐकणाऱ्यानं ती सरकवायची. ज्याचा त्याचा आवाज आपल्या कानापुरता कमी किंवा जास्त.

दुसऱ्या दिवशी भाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "माझ्या आवाजानं तुमचा खेळ मोडते, बाबू. राहू दे."

मी त्यांना पट्टी दाखवली. पंक्याचं नाव, पट्टी खाली. पंक्या मुंगीएवढा. पट्टी वर. पंक्या ट्रकएवढा. म्हणालो, "भाऊ, इथं कोणी कोणाला हळू म्हणत नाही. ज्याला जास्त वाटलं त्यानं आपली पट्टी सरकवायची."

भाऊ ती पट्टी किती तरी वेळ वरखाली करत बसले. मग म्हणाले, "पहिल्या रांगेत असं बटण असतं तं."  थोड्या वेळानं विचारलं, "मंग वाक्य कोणाले द्याचं?"

"कोणालाच नाही. तुम्हीच बोलायचं. चौथी जागा तुमची."

मी त्यांना खड्ड्यातून ओढून रंगमंचावर उभं करतोय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एक दिवस," ते म्हणाले.

सात वाजता भाऊ ओट्यावर, खुर्चीत, हातात बाईंचा फोन, कारण त्याचा पडदा मोठा, आणि त्यावर आमच्या तिघांच्याही पट्ट्या पार वर. दोन्ही आवाज एकमेकांत घुसू नयेत म्हणून मी आत, दार लावून. यादीत चौथं नाव उमटलं: भाऊ. पंक्या म्हणाला, "रामराम भाऊ." मुन्ना म्हणाला, "रामराम." भाऊंच्या नावाभोवती हिरवं कडं पेटलं, म्हणजे माइक उघडला होता. पण रामराम आला नाही. फक्त श्वास ऐकू येत होता.

डाव सुरू झाला. आम्ही एका पडक्या घरात शिरलो. उजवीकडे दोघं येताना मला दिसले, म्हणजे ओट्यावर भाऊंनाही दिसले असणार. हिरवं कडं पेटलेलं. पंक्या, मुन्ना, कोणी हालेना. साऱ्यांना माहीत होतं की बोलायची पाळी कोणाची आहे, आणि चुप्पी पडत चालली होती. तीस-चाळीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडात वाक्य ठेवलेल्या माणसाला स्वतःच्या तोंडात ठेवायला कोणी वाक्य देत नव्हतं.

मी माइकजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणालो, "उजव्या विंगेत दोघं हायेत."

अर्धा श्वास गेला.

"उजव्या विंगेत दोघं हायेत," भाऊ म्हणाले. हेडफोनमधून आणि बंद दारातून, दोन्हीकडून, मोकळ्या आवाजात. साऱ्या मोहल्ल्याला ऐकू गेलं असणार. "कोणी जागा सोडाची नाई. पंकज, तुह्या मागं पडदा हाये, तिकडं पाय."

पंक्या वळता वळता म्हणाला, "मुन्ना, अबे इको परत सुरू झाला. आधी इको, मंग आवाज. सॉफ्टवेअर बदल."

"राहू दे," मुन्ना म्हणाला. "मी पट्टी वर करून राह्यलो."